अवखळ पिल्लू शेल्टरमधून घरी आणताना: नागपूरच्या घरांसाठी

शेल्टरमधून पिल्लू नेलेल्या घरांतून दोन-चार आठवड्यांनी येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: पिल्लू गोड आहे, पण दमतच नाही. मग घरचे त्याला आणखी पळवतात, आणखी चेंडू फेकतात, आणि रात्री नऊच्या सुमारास ते पायांचे लचके तोडायला लागतं. खरं कारण उलटं असतं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते. ती मिळाली नाही की ते मलूल होत नाही. उलट सैरावैरा धावतं, चावतं, पडद्यांना लोंबकळतं. अशा पिल्लाला दमवायचं कमी आणि निजवायचं, चघळायला-हुंगायला शिकवायचं जास्त, एवढं पक्कं धरूनच पुढची सगळी तयारी करा.

नागपुरात तर हे टाळताच येत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्यांची बहुतेक पिल्लं पावसाळा सरताना आणि हिवाळ्यात जन्मतात. त्यामुळे थंडीच्या दिवसांत शेल्टर आणि फॉस्टर घरं (पिल्लांना तात्पुरतं सांभाळणारी घरं) पिल्लांनी भरलेली असतात. डिसेंबर-जानेवारीत आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू मे महिन्यात सहा-सात महिन्यांचं होतं. अंगात ताकद मावत नाही, नवे दात आलेले असतात आणि बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तेव्हा त्याला बाहेर पळवून शांत करायचा मार्गच बंद असतो. घरात बसून डोकं चालवायची सवय त्याआधी लागलेली हवी.

आणण्याआधी

चांगली संस्था तुम्हाला भरपूर प्रश्न विचारते. दिवसा घरी कोण असतं, घर भाड्याचं असेल तर मालकाची संमती आहे का, आधीची जनावरं आहेत का, त्यांच्या लसी झाल्यात का, गावी गेल्यावर पिल्लू कोण बघणार. काही जण घर बघायला येतात. त्याचा राग मानू नका. काहीही न विचारता पिल्लू हातात ठेवणाऱ्याकडूनच सावध राहा. दत्तक करारपत्रावर सही करताना नसबंदीची अट, दुसऱ्याला परस्पर न देण्याची अट आणि जमलं नाही तर संस्थेकडेच परत करण्याची अट नीट वाचून घ्या.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीचा प्रश्न निघतोच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरण्यापासूनही अडवता येत नाही. पण शी उचलणं, लसी वेळेवर घेणं आणि सामाईक जागेत पट्टा लावणं ही आपली जबाबदारी आहे. पिल्लू येण्याआधी शेजाऱ्यांना सांगून ठेवलं तर पुढची निम्मी भांडणं टळतात.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लाला आई-भावंडांपासून तोडू नये. किती जोरात चावलं की समोरचा खेळ थांबवतो, हे ते भावंडांकडूनच शिकतं. वय दातांवरून पडताळता येतं: आठ आठवड्यांपर्यंत सगळे २८ दुधाचे दात आलेले असतात, आणि समोरचे पक्के दात साधारण साडेतीन-चार महिन्यांत दिसू लागतात.

एकाच वेतातली दोन पिल्लं मात्र आणू नका. "एकमेकांना खेळायला होतील" हा विचार बरोबर वाटतो, पण ती एकमेकांतच गुंततात, माणसाचं ऐकणं मागे पडतं, आणि झोपेचा गोंधळ दुप्पट होतो.

कोणतं पिल्लू

दोनदा भेटा: एकदा खाण्याआधी आणि एकदा ते झोपून उठल्यावर. एकाच भेटीत जे पिल्लू सगळ्यांत जास्त उड्या मारताना दिसलं, ते कदाचित फक्त भुकेलेलं असेल. उचलण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघा. मग थोड्या अंतरावर चाव्यांचा जुडगा जमिनीवर टाका. दचकणं स्वाभाविक आहे; अर्ध्या मिनिटात सावरून ते जुडगा हुंगायला आलं तर उत्तम. कोपऱ्यात जाऊन बाहेरच येत नसेल, तर त्याला शांत आणि अनुभवी घर लागेल. ऊर्जा जास्त असणं हा दोष नव्हे. धावता धावता मध्येच थांबून तुमच्याकडे बघणारं, हाताशी येऊन पुन्हा पळणारं पिल्लू लवकर शिकतं.

अंगाची तपासणी अशी करा. ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी हवी. पांढुरकी असेल तर जंत किंवा गोचिडांनी रक्त शोषलं असण्याची शक्यता असते. अंग बारीक आणि पोट मात्र टम्म असेल तर तेही जंताचं लक्षण. डोळ्या-नाकातून चिकट स्राव आणि खोकला असेल तर डिस्टेंपरची (कुत्र्यांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची) शंका डॉक्टरांकडून आधी फेडून घ्या. कानाच्या आतल्या घड्या आणि बोटांमधल्या फटी उघडून गोचीड शोधा. त्याच वेतातलं एखादं पिल्लू गेल्या दोन आठवड्यांत आजारी पडलं किंवा मेलं का, हे स्पष्ट विचारा. हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात, पण सगळ्यांत उपयोगी माहिती त्यातूनच मिळते.

सोबत लसीचं कार्ड घ्या. त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा. जंताचं औषध कोणतं, कधी दिलं आणि तेव्हा वजन किती होतं, हेही लिहून घ्या.

घर

जमिनीवर बसून पिल्लाच्या उंचीवरून घर बघा. फाटकाच्या ज्या फटीतून त्याचं डोकं जातं, तिथून अंगही जातं. तिथे जाळी बांधा. गच्चीचं दार बंद ठेवायची सवय आतापासूनच लावा. अंगणात कण्हेर किंवा बिट्टी असेल तर तिच्यापर्यंत पोचता येणार नाही असं कुंपण घाला, दोन्ही झाडं विषारी आहेत. डांबराच्या गोळ्या, उंदराचं औषध, डासांची कॉइल, औषधांच्या पट्ट्या आणि मोजे उंचावर. मोजे यासाठी, की ते गिळून आतड्यात अडकल्याची प्रकरणं दवाखान्यांत नेहमीची असतात.

कूलरकडे मात्र वेगळं लक्ष द्या. नागपूरच्या घरात मार्चअखेर कूलर लागतो आणि तो नेमका पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर असतो. पंपाची वायर बाहेर लोंबत असते, पॅडचं गवत ओढायला मजा येते, आणि टाकीत साचलेलं पाणी प्यायला तयारच असतं. वायर पाइपात घालून भिंतीला क्लिपने बसवा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, कारण लोखंडी कूलरच्या बॉडीत करंट उतरला तर ओल्या फरशीवर उभं असलेलं पिल्लू पहिलं सापडतं. टाकीसमोर एखादी जाळीची चौकट उभी केली की तिन्ही गोष्टी एकदम सुटतात.

खरेदी थोडीच लागते: छातीवर बसणारा हार्नेस, पाच-सहा फुटांचा पट्टा, फोन नंबर कोरलेला बिल्ला, जड बुडाची दोन भांडी, चार बाय चार फुटांचं घडीचं कुंपण किंवा क्रेट (जाळीचा पिंजरा), चघळायच्या तीन-चार वस्तू. गळ्याचा पट्टा वापरणार असाल तर त्यात दोन बोटं सहज जायला हवीत. साखळी आणि गळा आवळणारा पट्टा घेऊ नका.

आणण्याचा दिवस आणि पहिला आठवडा

निघण्याआधी दोन-तीन तास खायला देऊ नका, म्हणजे वाटेत उलटी होणार नाही. गाडी किंवा ऑटो करा. दुचाकीवर मांडीत धरून आणू नका. पिल्लू दचकून उडी मारतं. भावंडांच्या अंथरुणातला एखादा कपडा मागून घ्या, पहिल्या रात्री तो खूप कामाला येतो.

घरी पोचल्यावर आधी शूची जागा, मग पाणी, मग एकच खोली. पहिले तीन दिवस पाहुणे नकोत, गल्लीतल्या मुलांची रांगही नको. शेल्टरमध्ये जे खात होतं तेच द्या. नवीन खाणं सात दिवसांत मिसळत जा: पहिले दोन दिवस पाव भाग, पुढचे दोन अर्धा, मग पाऊण. एकदम बदललं की जुलाब होतात, आणि मग ते खाण्यामुळे की पार्व्होमुळे (पिल्लांच्या आतड्याचा जीवघेणा विषाणूजन्य रोग) हे कळत नाही.

रात्री त्याचं कुंपण तुमच्या पलंगाशेजारी लावा. दूरच्या खोलीत रडू दिल्याने सवय लागत नाही, भीती मात्र बसते. डिसेंबर-जानेवारीत खाली तरट आणि वर जुनं ब्लँकेट द्या. इथल्या थंडीत उघडी फरशी लहान पिल्लाला सोसत नाही.

दोन-तीन दिवसांतच पशुवैद्याकडे न्या. घराजवळ चांगला दवाखाना नसेल तर सेमिनरी हिल्सवरच्या नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाचं चिकित्सालय आहेच. सोबत ताज्या शीचा नमुना न्या, त्यातून जंताचा प्रकार कळतो. जंताचं औषध वजनावर ठरतं, त्यामुळे शेजाऱ्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी देऊ नका. साधारण क्रम असा: आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, पुढे दर तीन महिन्यांनी.

लसी, पार्व्हो आणि बाहेरचं जग

पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सोळा आठवडे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यावी लागते. "एक डोस झालाय" याचा अर्थ संरक्षण मिळालं असा होत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती काही आठवडे टिकते आणि तोवर लसीलाच निकामी करते. ती नेमकी कधी संपेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं असतं, म्हणून डोस पुन्हापुन्हा द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, बूस्टर डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि पुढे दरवर्षी. लेप्टोस्पायरोसिसचा डोसही मागून घ्या. पावसाळ्यात उंदरांनी दूषित केलेलं डबक्यातलं पाणी पिल्लू हमखास चाटतं.

पार्व्होची लागण झाल्यावर लक्षणं बहुधा तीन ते सात दिवसांत दिसतात, कधी दोन आठवडेही लागतात. म्हणून पहिले चौदा दिवस बारीक लक्ष ठेवा. उड्या मारणारं पिल्लू अचानक गप्प बसलं आणि खाणं सोडलं, हीच पहिली खूण. मग उलट्या आणि घाण वासाचे, रक्त मिसळलेले जुलाब. त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. दही-भात देऊन सकाळची वाट बघण्यात पिल्लं जातात, कारण लहान अंगातलं पाणी काही तासांत संपतं आणि सलाइनशिवाय ते भरून निघत नाही.

हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने, कधी वर्षभरही तग धरतो. तुमच्या घरी वर्षभरात पार्व्होने कुत्रं गेलं असेल तर लसींचा कोर्स पूर्ण झालेलं मोठं पिल्लूच घ्या. फरशी आधी साबणाने धुवा, मग ३० भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच घालून ते दहा मिनिटं ओलं राहू द्या, नंतर साध्या पाण्याने पुसा. फिनाईलवर भिस्त ठेवू नका. पार्व्होवर त्याचा भरवसा नाही आणि पिल्लू फरशीवरचे पाय चाटत असतं.

इथे पेच असा, की पिल्लाचं मन जगाला सरावतं ते तीन ते चौदा आठवड्यांच्या काळात, आणि लसी पूर्ण होतात सोळाव्या आठवड्यात. घरात कोंडून ठेवलं तर रोग टळतो, पण पुढे ते प्रत्येक हेल्मेटवर भुंकतं. मार्ग सोपा आहे: जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन फिरवा. रोज दहा मिनिटं गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. ई-रिक्षा, भंगारवाल्याची आरोळी, काठी टेकत जाणारे आजोबा, रेनकोट घातलेला माणूस, वर्धा रोडवर डोक्यावरून जाणारी मेट्रो. प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा. ते तोंड फिरवत असेल, शेपूट पोटाखाली घालत असेल, खाऊ घेत नसेल तर मागे सरका. अंतर वाढवलं की सावरतं. शेवटच्या डोसनंतर एक-दोन आठवड्यांनी जमिनीवर चालवायला हरकत नाही. फुटाळा किंवा अंबाझरीची संध्याकाळची गर्दी मात्र सुरुवातीला नको.

झोप

सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

अडीच महिन्यांच्या पिल्लाची लय साधारण एक तास जाग आणि दोन तास झोप अशी धरा. जागेपणीच्या तासात शू, खाणं, दोन-तीन मिनिटांचं शिकवणं, पाच-दहा मिनिटांचा खेळ आणि शेवटी चघळणं. पन्नास मिनिटं झाली की खूण पटायला लागते: कान मागे जातात, चावणं टोकदार होतं, बोलावलेलं ऐकू येत नाही, गोल गोल धाव सुरू होते. घरच्यांना वाटतं अजून ताकद उरली आहे. प्रत्यक्षात झोपेची वेळ टळून गेलेली असते.

निजवायचं असं. आधी शूला नेऊन आणा. कुंपणात सोडा, पडदा ओढा, आवाज करणारी खेळणी उचला. चघळायची एक वस्तू द्या. चघळणं आणि चाटणं या दोन्ही क्रियांनी कुत्रं शांत होतं, हे प्रत्येक पिल्लात दिसतं. मग शेजारी बसा, पण बोलू नका, हात लावू नका, डोळ्यांत बघू नका. पाच मिनिटं कुरकुर होईल. साधारण पंधरा मिनिटांत ते एक सुस्कारा सोडून कुशीवर पडतं. वीस मिनिटांनंतरही रडत असेल तर शू, तहान, थंडी-उकाडा किंवा पोटदुखी यांपैकी काही आहे का बघा. एकत्र कुटुंबात सगळ्यांत अवघड काम म्हणजे झोपलेल्या पिल्लाला कोणी उठवणार नाही हे बघणं. शाळेतून आलेल्या मुलांना हा नियम पहिल्या दिवशीच सांगा, आणि आजोबांनाही.

एकटं राहण्याची सवय याच कुंपणात लावा. तीस सेकंद खोलीबाहेर, मग दोन मिनिटं, पाच, पंधरा. रडायला लागण्याआधी परत येणं महत्त्वाचं. पहिला आठवडा सुट्टी काढून चोवीस तास सोबत राहायचं आणि सोमवारी एकदम आठ तास कुलूप, असं केलं की पिल्लू दार कुरतडतं.

चावणं

दुधाचे दात सुईसारखे असतात आणि साडेतीन ते सात महिन्यांत दात बदलताना हिरड्या खाजतात. पँटचे पाय, बोटं, ओढणीचं टोक, सगळं तोंडात जाणारच. हात झटक्याने मागे घेतला तर ते शिकारीच्या खेळासारखं वाटून पिल्लू आणखी चेकाळतं. तोंड दाबून धरणं किंवा नाकावर चापट मारणं यातून ते हातालाच घाबरायला लागतं, आणि घाबरलेलं कुत्रं पुढे खरोखर चावतं.

चावल्यावर हात जागच्या जागी स्थिर ठेवा, दुसऱ्या हाताने खेळणं तोंडाशी आणा. ते धरलं की कौतुक. लगेच पुन्हा चावलं तर काही न बोलता उठून कुंपणापलीकडे जा, वीस-तीस सेकंदांनी परत या. सलग तीनदा असं झालं तर शिकवणं थांबवून निजवा. सात-आठ वर्षांच्या आतलं मूल आणि पिल्लू यांना एकत्र एकटं सोडू नका.

दातांसाठी ओला सुती पंचा गाठ मारून फ्रीझरमध्ये कडक करा, तो उत्तम. थंड गाजरही चालतं. जुन्या सुती लुगड्याची घट्ट वेणी घालून ओढाओढीचा दोर होतो, पण धागे सुटू लागले की फेकून द्या. शिजवलेली हाडं कधीच नकोत. त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात.

रेबीजची लस न झालेल्या पिल्लाने चावलं किंवा ओरखडून रक्त निघालं तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. रस्त्यावरून उचललेल्या पिल्लाच्या बाबतीत "लहान आहे, काय होतंय" असं म्हणू नका.

डोकं चालवणारे खेळ

जुना टॉवेल जमिनीवर पसरा. त्यावर वाटीभर कोरडं खाणं भुरभुरवा, टॉवेलची सैल गुंडाळी करा आणि पिल्लासमोर ठेवा. पहिल्यांदा ते पंजा मारतं, कोपरा धरून ओढतं, मग नाक खुपसून उलगडायला शिकतं. दहा मिनिटं नाकाने शोधून पिल्लू जेवढं निवतं, तेवढं अर्धा तास चेंडूमागे धावून निवत नाही. सराव झाला की गुंडाळीला सैल गाठ मारा. अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, कागदी गोळे भरलेलं खोकं, खोलीत पाच ठिकाणी लपवलेले दाणे, हे पुढचे प्रकार. पुठ्ठा गिळत असेल तर तो प्रकार बंद. दिवसाचं निम्मं जेवण असंच द्या, वाडग्यात ओतून देण्याची गरज नसते.

शिकवणं दिवसातून चार-पाच वेळा, एका वेळी दोन-तीन मिनिटं. "बस", "ये", "सोड", "जागेवर" एवढे चार शब्द पुरेत. घरातल्या सगळ्यांनी तेच शब्द वापरायचे. आजी "बैस" म्हणते, मुलगा "सिट" आणि वडील "खाली बस", तर पिल्लू एकाचंही ऐकत नाही आणि हट्टी ठरतं. आणखी एक: ते आपणहून शांत पडलेलं दिसलं की हळूच एक दाणा पंजांपाशी ठेवा. बहुतेक घरांत पिल्लाकडे लक्ष जातं ते ते धुडगूस घालतं तेव्हाच, आणि ते नेमकं तेच शिकतं.

चालण्याचा ढोबळ हिशेब वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं: पाच महिन्यांचं असेल तर पंचवीस मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि त्यात मनसोक्त हुंगू द्या. चेंडू पाच मिनिटांच्या वर नको. एकदम थांबणं-वळणं कोवळ्या सांध्यांना सोसत नाही, आणि पिल्लू निवण्याऐवजी पेटतं. लेझरचा ठिपका तर दाखवूच नका.

शू-शी आणि खाणं

उठल्या उठल्या, खाल्ल्यावर पंधरा मिनिटांनी, खेळ संपल्यावर, आणि एरवी जागेपणी दर तास-दोन तासांनी ठरल्या जागी न्या. केल्यावर दोन-तीन सेकंदांत तिथेच खाऊ द्या. घरात येऊन दिला तर त्याला संबंध कळत नाही. घरात केलं तर न रागावता पुसा आणि व्हिनेगर मिसळलेल्या पाण्याने वास घालवा. नाक घासल्याने ते फक्त लपून करायला शिकतं.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन, पुढे दोन वेळा जेवण. दूध-पोळीवर पिल्लू वाढत नाही: प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं, आणि दुधाने अनेकांना जुलाब होतात. पिल्लांचं तयार खाणं देत असाल तर पाकिटावरच्या तक्त्यानुसार वजनाने मोजा आणि वरून कॅल्शियमचं औषध घालू नका. घरचं द्यायचं तर चिकन किंवा अंडी, भात, शिजवलेला लाल भोपळा किंवा गाजर. मीठ-मसाला नाही, आणि खनिजांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सावजी रस्सा, तर्री, त्यातली हाडं, कांदा-लसूण, द्राक्षं-मनुका, चॉकलेट पूर्ण बंद. संत्र्याची एखादी सोललेली, बी काढलेली फोड चालते, साल नाही.

उन्हाळा

एप्रिल ते जूनमध्ये बाहेर पडायचं ते सकाळी सहाच्या आधी आणि रात्री आठनंतर. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवा. ठेववत नसेल तर पिल्लाचे पंजे भाजतील. दुपारी कूलरची खोली, ओला पंचा अंथरायला, दही किंवा भोपळा लावून गोठवलेली ताटली चाटायला. पाणी दोन-तीन ठिकाणी ठेवा. दमट दिवसांत कूलरचा उपयोग कमी होतो, तेव्हा पंखा आणि ओल्या फडक्याने पोट-पंजे पुसणं.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस. ४१ च्या वर गेलं की जिवाला धोका. न थांबणारी धाप, घट्ट लाळ, गडद लाल हिरड्या, लडखडणं दिसलं तर सावलीत घेऊन नळाचं साधं पाणी अंगभर ओता, पंखा लावा, आणि थंड करतच दवाखान्यात न्या. ओला टॉवेल अंगावर झाकून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

गोचीड, सण, गल्लीतली कुत्री

पावसाळ्यानंतर गोचीड वाढतात आणि त्यांच्यातून ताप येतो: खाणं बंद, फिकी हिरडी, गडद लघवी. मानेवर टाकायचे थेंब किंवा गोळी वय आणि वजन सांगूनच घ्या. गुरांचं गोचीडनाशक पातळ करून लावायची पद्धत घातक आहे. लहान पिल्लं त्याने झटके येऊन दगावतात. लागलेला गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका, बोटांनी चिरडू नका. रॉकेल लावू नका.

संक्रांतीच्या आसपास गच्चीवर आणि रस्त्यात नायलॉन मांजाचे गुंते पडलेले असतात. आठवडाभर आधी आणि नंतर पंजे रोज तपासा. महाल-इतवारीत राहणाऱ्यांनी मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी आतल्या खोलीत पंखा आणि टीव्ही सुरू ठेवून पिल्लाला चघळायला द्यावं. दिवाळीत फिरवणं अंधार पडण्याआधी उरकून घ्या.

गल्लीतली कुत्री स्वतःची हद्द राखतात. छोटं पिल्लू असेल तर त्यांच्या टप्प्यात कडेवर घ्या, पळू नका, बाजूने वळून हळू चाला. त्या कुत्र्यांना ओळख पटली की सहसा महिन्याभरात ती भुंकायची थांबतात.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने ते दीड वर्ष हा वयात येण्याचा काळ. शिकलेलं "ये" विसरल्यासारखं होतं, पट्टा ओढणं वाढतं. पट्टा न सोडता आणि खाऊ खिशात ठेवून जुनेच धडे पुन्हा घ्या. नसबंदी साधारण सहा महिन्यांनंतर करतात. नेमकी वेळ पिल्लाची चण बघून डॉक्टर ठरवतील. मादीचा पहिला माज सहा ते बारा महिन्यांत येतो, त्याआधी तारीख ठरवून ठेवा. नोंदणी आणि परवान्याची चौकशी महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात करा. रेबीज लसीचा दाखला जवळ असू द्या.

एवढं करूनही जमत नसेल, तर पिल्लू आणल्यापासून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच संस्थेला कळवा. वर्षभर ओढत नेलेल्या पिल्लापेक्षा चार महिन्यांच्या पिल्लाला दुसरं घर लवकर मिळतं. अंबाझरीच्या रस्त्याला किंवा हिंगण्याकडे नेऊन सोडून देणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि घरात वाढलेलं पिल्लू रस्त्यावर तग धरत नाही. परत देताना लसीचं कार्ड, चालू खाण्याचं नाव व प्रमाण, आणि ते कशाला घाबरतं व कसं झोपतं हे कागदावर लिहून द्या.